आरोग्यधोरण आणि न नोंदलेले मृत्यू

एखाद्या दुर्गम पाड्यावर पहाटे मूल जन्मास येते, क्षीण आवाजात एकदोनदा रडते आणि दिवस वर येण्यापूर्वी मरते. कायद्याच्या दृष्टीने येथे दोन घटना घडलेल्या असतात : एक जन्म आणि एक मृत्यू. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये दोहोंची नोंद व्हावयास हवी. प्रत्यक्षात पुष्कळदा वेगळेच काही घडते. मूल मृतावस्थेतच जन्मले असा शेरा पडतो; म्हणजे कागदोपत्री ते जगात आलेच नाही आणि म्हणून गेलेही नाही. किंवा एवढेही कष्ट कोणी घेत नाही. घरच्यांनी शिवाराच्या कडेला खड्डा खणलेला असतो आणि परिचारिकेच्या वहीत त्या तारखेला काहीच नसते. दोन्ही प्रकारांत जिल्ह्याचा अर्भकमृत्यूदर किंचित खाली येतो. बालमृत्यू कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय अद्याप कोणत्याही शासनाला सापडलेला नाही.

महाराष्ट्रात आरोग्यधोरणाची चर्चा सुरू होते ती इमारती, खाटा, रिक्त पदे आणि नव्या योजनांच्या नावांपासून. ती वस्तुतः या वहीपासून सुरू व्हावयास हवी. राज्यात किती माणसे, कोणत्या वयाची, कोणत्या तालुक्यात आणि कशाने मरतात हे ज्या शासनाला ठाऊक नाही, त्याने आखलेले धोरण म्हणजे अंदाजपत्रकातील एक परिच्छेद असतो, त्याहून अधिक काही नसतो. येथे विचित्र गोष्ट अशी की, ज्या राज्याच्या शासकीय नोंदी इतक्या दुबळ्या राहिल्या, त्याच राज्याच्या खेड्यांत सार्वजनिक आरोग्याचे असे संशोधन झाले की ज्याची दखल जगाने घेतली. ज्ञान आणि धोरण यांच्यातील हे अंतर कसे पडले आणि ते कोठे टिकून आहे, याचा विचार झाला पाहिजे.

या संशोधनाची परंपरा जुनी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि निरक्षर स्त्री प्रशिक्षणानंतर गावाचे आरोग्य सांभाळू शकते, हे दाखवून दिले. डॉ. नोशीर अंतिया यांनी मांडव्याला, डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याजवळ वढूला असेच प्रयोग केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाचा ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा पर्यायी धोरण मांडणारा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला, त्यामागे अशाच अनुभवांचे बळ होते. या सर्वांचा गौरव झाला, पुरस्कार मिळाले, पाहुणे येऊन गेले. शासनाने मात्र त्यांच्याकडे बराच काळ प्रयोग म्हणूनच पाहिले. आणि प्रयोग हा शब्द नोकरशाहीच्या तोंडी असतो तेव्हा त्याचा अर्थ ‘अनुकरण करण्याचे कारण नाही’ असा असतो.

या परंपरेत सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोलीचे. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या निघालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्याच दशकाच्या मध्यास ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य सेवाभावात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. सेवाभाव होताच, परंतु तो महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. दुर्मीळ होती ती मोजण्याची शिस्त. उपचार करण्यापूर्वी गावात काय चालले आहे ते मोजायचे, तुलनेसाठी ज्या गावांत काही करावयाचे नाही तेथेही तितक्याच काटेकोरपणे मोजायचे, आणि मोजणीचे काम उपचारांच्या कामापासून शक्य तितके वेगळे ठेवायचे, ही ती शिस्त. तेथील निष्कर्षांना वजन आले ते तिच्यामुळे.

पहिला मोठा प्रश्न न्यूमोनियाचा होता. खेड्यातील दाईला शंभरापर्यंत मोजता येत नाही, मग मुलाच्या श्वासाचा वेग तिने कसा मोजावा? त्यावर मणी ओवलेले एक साधे साधन तयार करण्यात आले. वाळूचे घड्याळ उलटे करायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी हात तांबड्या मण्यापर्यंत पोचला तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध द्यायचे. एवढे गणित कोणत्याही दाईला जमत होते. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या ५८ गावांत हे उपचार झाले तेथे पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी ८.१ होते; तुलनेच्या ४४ गावांत ते हजारी १७.५ होते.

त्याच मोजणीतून पुढची अडचण उघड झाली. न्यूमोनिया आटोक्यात आला तरी अर्भके मरतच होती, आणि त्यांतील फार मोठा हिस्सा पहिल्या अठ्ठावीस दिवसांत मरत होता. नवजात मूल आजारी पडले तर त्याला रुग्णालयात न्यावे, हे शास्त्र होते. पण १९९५-९६ साली गडचिरोलीच्या ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांची घरोघर जाऊन पाहणी झाली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि डॉक्टरने पाहिलेली बालके शंभरात तीनसुद्धा नव्हती असे आढळले. रस्ता नव्हता, पैसा नव्हता, आणि बाळंतिणीने व बाळाने घराबाहेर पडू नये ही रूढी होती. जे मूल रुग्णालयात येणार नाही, त्याच्याकडे रुग्णालयातील ज्ञान गेले पाहिजे, असा सरळ निष्कर्ष त्यातून निघाला. गावातील थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडकला असेल तर तो सुरू करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, एवढे त्या शिकल्या.

१९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये या प्रयोगाची फलश्रुती प्रसिद्ध झाली. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी ३९ गावांतील नवजात मृत्यूदर हजारी २५.५ वर आला होता. तुलनेच्या ४७ गावांत तो ५९.६ होता. सुरुवातीस दोन्हीकडचे दर जवळजवळ सारखे, साठच्या आसपास होते. दर बालकामागे खर्च आला सुमारे सव्वापाच डॉलर. या आकड्यांवर आक्षेप घेणारे निघालेच. ध्येयवादी डॉक्टरांच्या नजरेखाली ३९ गावांत जे जमते, ते सरकारी यंत्रणेला सबंध राज्यात जमेल काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तरही मोजूनच देण्यात आले. राज्यातील सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी आणि पाच राज्यांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हीच पद्धत वापरून पाहिली. अखेर २०११ साली केंद्र शासनाने ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत नवजात बालकांची घरी देखभाल करण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला. रुग्णालयात जन्मलेल्या बालकाच्या घरी तिने सहा वेळा आणि घरी जन्मलेल्या बालकाकडे सात वेळा जावयाचे, असे ठरले.

संशोधनातून धोरण कसे घडते याचे उदाहरण म्हणून ही कथा येथेच थांबवण्याची प्रथा आहे. पण तिचा खरा बोध पुढेच आहे. शासनाने प्रयोग स्वीकारला म्हणजे काय स्वीकारले? घरभेटी स्वीकारल्या, वजनकाटा आणि तापमापक स्वीकारला, तक्ता स्वीकारला. इंजेक्शन मात्र वगळले. ज्या बालकाला जंतुदोष झाला आहे त्याला आशाने रुग्णालयात पाठवावे, असे सांगण्यात आले. म्हणजे ज्या गृहीताला छेद देण्यासाठी हा सारा खटाटोप झाला होता, तेच गृहीत मागल्या दाराने परत आत आले. परिचारिकेला जेंटामायसिन देण्याची मुभा केंद्राने २०१४ साली दिली; पण परिचारिका उपकेंद्रात असते आणि बाळ पाड्यावर. वैद्यक व्यवसायाला, कमी शिकलेल्या बाईच्या हाती सुई देण्याची भीती वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु या भीतीला संशोधनाचा आधार नव्हता; संशोधनाचा निर्वाळा उलट होता. धोरणकर्त्यांनी संशोधनाचा जो भाग कोणालाही दुखावत नव्हता तेवढा घेतला, आणि नाव सर्व संशोधनाचे दिले.

दुसरा बदल त्याहून सूक्ष्म होता आणि तो कोणाच्या फारसा लक्षातही आला नाही. २०११ च्या योजनेत आशाला सर्व भेटी पूर्ण केल्याबद्दल अडीचशे रुपये मिळावयाचे होते. त्याला काही अटी होत्या : वजनाची नोंद, लसी, जन्माची नोंदणी, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व मूल दोघेही सुखरूप असणे. यातील शेवटची अट लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण तिचा अर्थ पाहिला पाहिजे. जे मूल सर्वांत आजारी, ज्याच्यासाठी आशाने रात्री-बेरात्री धावपळ केली, ते मेले तर तिचे पैसे गेले. गडचिरोलीत आरोग्यदूताला मृत्यूची नोंद करणे हे कामाचे पहिले कलम म्हणून शिकवले गेले होते. सरकारी योजनेत मृत्यूची नोंद हा तिच्या कष्टावरचा दंड ठरला. ज्या मोजणीवर सगळे संशोधन उभे होते, तीच अशा रीतीने पोखरली जाते, आणि तीही कोणाच्या दुष्टपणाने नव्हे, एका कारकुनी कलमाने.

मृत्यू लपविण्याची ही प्रवृत्ती आशापासून सुरू होत नाही. ती वरून खाली येते. मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ साली वृत्तपत्रांत झळकल्या, तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात तोच क्रम पाहावयास मिळत असे. बातमी येई, मंत्री दौरा करीत, अधिकाऱ्यांवर कारवाई होई. न्यायालयातही प्रकरण गेले. यातून यंत्रणा एक धडा शिकली : मूल मेल्याबद्दल शिक्षा होत नाही, मेलेले मूल वहीत सापडले तर होते. आढावा बैठकीत ज्या तालुक्याचे मृत्यू अधिक त्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला उभे करून जाब विचारला जातो. ज्या तालुक्याचे मृत्यू शून्य त्याचे अभिनंदन होते. पुढच्या महिन्यात दोन तालुके शून्यावर येतात.

२००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला, तो याच अंधाऱ्या कोपऱ्यावर प्रकाश टाकणारा होता. राज्याच्या वेगवेगळ्या भागांत काम करणाऱ्या तेरा संस्थांनी आपापल्या गावांत आणि झोपडपट्ट्यांत जन्म व मृत्यू स्वतः मोजले आणि ते शासकीय नोंदींशी ताडून पाहिले. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके मरत असावीत आणि त्यांतील बहुसंख्यांची सरकार-दरबारी नोंद नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अंदाजावर वाद होऊ शकतो. या संस्था ज्या भागांत काम करीत होत्या ते भाग मुळातच गरीब होते आणि तेथील दर सबंध राज्याला लावणे धाडसाचे होते, असे म्हणता येईल. पण वादासाठी केंद्र शासनाचा आकडा घेतला तरी काय दिसते? २००१ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख होती. जन्मदर हजारी वीसच्या थोडा वर धरला तर वर्षाला सुमारे वीस लाख बालके जन्मत होती. केंद्राच्या नमुना नोंदणी पद्धतीने त्या वर्षी महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूदर ४५ दिला होता. म्हणजे एक वर्षाच्या आतील मृत्यूच नव्वद हजारांच्या घरात जातात. राज्याच्या आरोग्य खात्याच्या वह्या या आकड्याजवळही फिरकत नव्हत्या. प्रश्न तेरा संस्थांच्या अंदाजाचा नव्हताच. केंद्राचा आकडा खरा मानला तरी राज्याच्या वह्या खोट्या ठरत होत्या.

शासनाने येथे एक गोष्ट चांगली केली आणि ती नमूद केली पाहिजे. अहवाल लिहिणाऱ्यांना शत्रू न मानता डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. पुढे २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले, त्याचा आरंभ आदिवासी जिल्ह्यांपासून झाला. या मिशनने नंतर जे केले ते भारतातील राज्य शासनांच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. आपल्या कामाचे फळ किती, हे आपल्याच अंगणवाड्यांच्या वह्यांवरून न ठरवता बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेतले. २०१२ साली मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ही राज्यव्यापी पोषण पाहणी केली. दोन वर्षांखालील खुंटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील सुमारे ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचे तीत दिसले. देशोदेशीच्या अभ्यासकांनी या घटीची कारणे शोधण्यास महाराष्ट्र गाठला.

नंतर काय झाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील खुंटलेल्या मुलांचे राज्यातील प्रमाण २००५-०६ साली ४६.३ टक्के होते, २०१५-१६ साली ते ३४.४ वर आले, आणि २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ टक्के निघाले. उंचीच्या मानाने अतितीव्र रोडावलेल्या मुलांचे प्रमाण याच दोन पाहण्यांच्या दरम्यान ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत झपाट्याने उतरलेली रेषा पुढे अडली. का अडली, हे सांगू शकेल अशी दुसरी राज्यव्यापी पाहणी २०१२ नंतर लगेच, एकदोन वर्षांच्या अंतराने, व्हावयास हवी होती. यश सिद्ध झाले की मोजण्याची हौस संपते. वास्तविक खरी गरज तेव्हाच सुरू होते, कारण शेजारच्या दोन जिल्ह्यांपैकी एकात सुधारणा टिकली आणि दुसऱ्यात ओसरली, तर त्या फरकातच पुढचे धोरण दडलेले असते.

‘पण आता महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूदर पुष्कळ खाली आला आहे’, असे उत्तर मंत्रालयातून मिळते, आणि ते खोटे नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली तो १६ होता, देशाचा २८. ही प्रगती मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र हा आकडा विश्वसनीय का मानला जातो, हे ध्यानात घ्यावयास हवे. या पद्धतीत नमुन्याच्या गावात एक अर्धवेळ नोंदणीकार वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो. दर सहा महिन्यांनी दुसराच पर्यवेक्षक घरोघर जाऊन स्वतंत्र मोजणी करतो. दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जुळत नसलेल्या नोंदी पुन्हा गावात जाऊन तपासतात. मोजणाऱ्या दोघांपैकी कोणाचीही नोकरी त्या गावात मुले जगण्या-मरण्यावर अवलंबून नसते. १९६९-७० पासून चालत आलेली ही पद्धत आजही भारतीय लोकसंख्याशास्त्राचा कणा आहे, याचे कारण तिने माणसाच्या प्रामाणिकपणावर अवाजवी भार टाकला नाही.

तिची मर्यादाही तेथेच आहे. तिचा नमुना राज्याचा दर सांगण्यापुरता मोठा आहे, जिल्ह्याचा दर त्यावरून सांगता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्यांचे पुष्कळ तपशील देते, पण तिच्या जिल्हावार पत्रकांत अर्भकमृत्यूदर नसतो. म्हणजे राज्याचा दर छातीठोकपणे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला नंदुरबारचा, गडचिरोलीचा किंवा मुंबईच्या एखाद्या झोपडपट्टीबहुल विभागाचा दर विचारला, तर त्याला पुन्हा त्याच वह्यांकडे वळावे लागते, ज्या भरणाऱ्यांना मृत्यू लिहिण्याची भीती वाटते. सरासरी पुण्या-कोल्हापूरने खाली आणायची आणि अक्कलकुव्याचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नसायचे, अशी ही स्थिती आहे. पैसा, डॉक्टर आणि रुग्णवाहिका कोठे पाठवायच्या हे ठरते जिल्ह्याच्या पातळीवर. आणि तेथेच भरवशाचे माप नाही.

भय काढून टाकले तर नोंद किती बदलते, याचा धडा केरळने घालून दिला आहे. बाळंतपणात स्त्री दगावली तर रुग्णालय आणि डॉक्टर दोघेही हादरतात, आणि स्वाभाविकच कागदपत्रे सावधपणे लिहिली जातात. केरळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने राज्य शासनाच्या सहकार्याने २००४ पासून मातामृत्यूंचे गोपनीय परीक्षण सुरू केले. रुग्णाचे, डॉक्टरचे आणि रुग्णालयाचे नाव काढून टाकलेली कागदपत्रे तज्ज्ञांपुढे ठेवावयाची आणि प्रश्न एकच विचारावयाचा : ही स्त्री वाचू शकली असती काय? शिक्षा नाही, म्हणून लपवाछपवीचे कारण कमी. रक्तस्राव आणि रक्तदाब ही मृत्यूंची प्रमुख कारणे असल्याचे त्यातून पुढे आले, आणि त्यांवर बाळंतकक्षात काय करावे याचे मानदंड ठरविण्यात आले. पुढे ब्रिटनमधील तज्ज्ञ संस्थेची मदत घेऊन २०१३ च्या सुमारास ते रुग्णालयांतून राबविण्यास आरंभ झाला. मातामृत्यूदर देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांत गणना होत असताना केरळने हे केले, हे विशेष. कमी मृत्यूंचे समाधान मानून न बसता उरलेल्या प्रत्येक मृत्यूचे कारण विचारणे ही संशोधनाची वृत्ती झाली. महाराष्ट्रात ती व्यक्तींपाशी आहे, शासनापाशी आली नाही.

हे केवळ बालमृत्यूंपुरते खरे नाही. ज्ञान हाती असून त्याकडे पाठ फिरविल्याचे याहून जिव्हारी लागणारे उदाहरण स्त्रियांच्या आजारांचे आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून जे प्रसिद्ध केले, त्याने सार्वजनिक आरोग्याच्या जगाला धक्का बसला होता. या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, सरासरीने प्रत्येकीला ३.६ आजार होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. सरकारी आरोग्य यंत्रणेला तोवर स्त्री ठाऊक होती ती गर्भवती म्हणून किंवा शस्त्रक्रियेच्या उद्दिष्टातील एक आकडा म्हणून. १९९४ साली कैरो येथील लोकसंख्या परिषदेने स्त्रीच्या आरोग्याचा संततिनियमनापलीकडे विचार व्हावा असे म्हटले. १९९६ साली भारताने कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे मागे घेतली आणि १९९७ साली प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला. कागदावर धोरण बदलले. तालुक्याच्या रुग्णालयात, प्राथमिक केंद्रात, अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईला पडद्याआड नेऊन तपासणारी डॉक्टर मात्र बहुतेक ठिकाणी आली नाही.

तीस वर्षांनी याचा हिशेब बीड जिल्ह्यात चुकता झाला. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. यांतील पुष्कळशा स्त्रिया ऐन उमेदीच्या होत्या. कोयत्याची उचल घेतलेल्या बाईला पाळीच्या दिवसांत सुटी नाही, फडात पाणी नाही, आडोसा नाही. खाडा पडला तर दंड. ओटीपोट दुखते, अंगावरून जाते, म्हणून ती खाजगी डॉक्टरकडे जाते तेव्हा तिला कर्करोगाची धास्ती घातली जाते आणि पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. जो जंतुदोष काही रुपयांच्या गोळ्यांनी बरा होण्यासारखा, त्यासाठी ती कर्ज काढून शस्त्रक्रिया करून घेते आणि ते फेडण्यासाठी पुन्हा फडावर जाते. त्यानंतर जिल्ह्यात गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी आवश्यक करण्यात आली. हे योग्यच झाले. पण परवानगीने अनावश्यक शस्त्रक्रिया थांबते, आजार थांबत नाही. तो आजार १९८९ साली मोजून, लिहून, छापून ठेवलेला होता.

समित्या नेमण्याबद्दल येथे एक शब्द सांगितला पाहिजे. संशोधनाची मागणी ही कधी कधी निर्णय टाळण्याची सभ्य रीत असते, आणि महाराष्ट्र शासनाइतका तिचा उपयोग फार थोड्यांनी केला असेल. एखादा प्रश्न पेटला की समिती, समितीचा अहवाल आला की त्याच्या अभ्यासासाठी उपसमिती, आणि तोवर पावसाळा संपलेला असतो. नवजात बालकांना ऊब द्यावी, बाईला तपासणारी बाई डॉक्टर असावी, यांसाठी आता नव्या संशोधनाची गरज नाही. ज्यासाठी आहे ते अगदी वेगळे आहे : ठरलेले काम प्रत्यक्षात कोठे होते, कोठे होत नाही आणि त्याचा परिणाम काय होतो, याची सतत चालणारी, जिल्हावार, स्वतंत्र मोजणी.

ती अशक्य कोटीतील नाही. नमुना नोंदणी पद्धतीचे दुहेरी मोजणीचे तत्त्व राज्याला आपल्या प्रत्येक जिल्ह्यासाठी वापरता येईल. काही निवडक गावे आणि वस्त्या, तेथे वर्षभर नोंद करणारा एक आणि सहामाहीला तपासणारा दुसरा, आणि हे दोघेही आरोग्य खात्याच्या हाताखाली नसावेत. वैद्यकीय महाविद्यालयांचे सामाजिक वैद्यकशास्त्राचे विभाग, विद्यापीठांतील संख्याशास्त्राचे विभाग हे काम करू शकतात. विद्यार्थ्यांनाही ते परीक्षेच्या प्रबंधापेक्षा अधिक शिकवून जाईल. खर्च एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या इमारतीपेक्षा फारसा अधिक येऊ नये. मोजणीचे निष्कर्ष विधिमंडळापुढे दरवर्षी, ठरलेल्या तारखेला, सरकारला ते आवडोत न आवडोत, ठेवले गेले पाहिजेत. आणि आशाच्या मानधनावर बालकाच्या जगण्याची अट कोठे उरली असेल तर ती काढून टाकली पाहिजे. तिला मृत्यू कळविल्याबद्दल पैसे मिळावेत. निदान कापले तरी जाऊ नयेत.

या राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. त्या दरमहा जे भरून देतात ते उपकेंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तेथून मुंबईला जाते. आता हे कागदाऐवजी मोबाईलवर भरावे लागते, एवढाच फरक. मुंबईहून त्यांतील काहीही परत येत नाही. आपल्या गावात गेल्या तीन वर्षांत किती बाळे मेली, शेजारच्या गावात किती, कमी वजनाची किती जन्मली आणि त्यांतील किती जगली, हे जिने लिहिले तिलाच कोणी कधी सांगितलेले नसते. गडचिरोलीत मात्र मोजलेले आकडे गावात परत नेण्याची पद्धत होती. गावकऱ्यांपुढे ते वाचले जात, त्यांवर गावकरी भांडत, आणि एखादी म्हातारी उठून वहीत न आलेल्या मृत्यूची आठवणही करून देई.